घसरगुंडी नको, फरशी हवी: पर्स्पेक्टिव्ह ग्रिड पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

एकांकिकेचं पोस्टर होतं. काळी पार्श्वभूमी, लांब आतपर्यंत गेलेली निळी चमकती जाळी आणि त्या जाळीवर उभी नायिका. रात्र घालवून केलेलं. सकाळी टिळक रोडला चहा पिताना लॅपटॉप उघडून दिग्दर्शकाला दाखवलं. पोरगा कॉलेजातला, पण नजर तयार. दोन घोट घेतले आणि म्हणाला, "दादा, ही घसरगुंडीवर का उभी आहे?"

मला राग आला, आणि मग दिसलं. जाळीच्या रेषा नीट होत्या, रंगही झकास. पण मुलीचा फोटो कुणीतरी छातीशी मोबाइल धरून काढलेला, आणि जाळी गच्चीवरून अंगणात डोकावल्यासारखी. एकाच चित्रात दोन माणसं दोन उंचींवरून बघत होती. पाय फरशीला लागणार कसे?

तेव्हापासून अप्पा बळवंत चौकाजवळच्या माझ्या छोट्याशा डीटीपीच्या खोलीत कुणी ही पर्स्पेक्टिव्ह ग्रिड, म्हणजे लांब जाताना लहान होत जाणारी जाळी, शिकायला आलं, की माउसला हात लावायच्या आधी मी एकच विचारतो: बघणाऱ्याचे डोळे किती उंचीवर आहेत? उत्तर ठरलं की बाकीचं काम अर्ध्या तासाचं आहे. उत्तर नसेल तर कितीही ग्लो टाका, घसरगुंडीच होते.

आधी पाच मिनिटं फरशीकडे बघा

जुन्या पुण्यात वाढलेल्यांना जाळी विकत आणावी लागत नाही. वाड्यात, चाळीत, आजीच्या स्वयंपाकघरात शहाबादी फरशी असतेच. दारात उभं राहून खोलीचा एक फोटो काढा, मोबाइल डोळ्यांसमोर धरून आणि वरखाली न झुकवता. मग तिथेच उंबऱ्यावर बसून दुसरा काढा.

दोन्ही फोटोंत तुमच्यापासून लांब जाणाऱ्या फरशीच्या सांध्यांवर पट्टी ठेवून रेषा पुढे वाढवा. सगळ्या एका बिंदूत मिळतात. हाच व्हॅनिशिंग पॉइंट. आता तो समोरच्या भिंतीवर कुठे पडला ते बघा. उभ्याने काढलेल्या फोटोत तो तुमच्या डोळ्यांइतक्या उंचीवर असेल, बसून काढलेल्यात बराच खाली. फरशी तीच, खोली तीच, फक्त डोळे खाली आले. या बिंदूतून आडवी रेषा मारली की झाली क्षितिजरेषा. खोलीत खरं क्षितिज दिसत नाही, पण रेषा असतेच.

याचा पुरावा हवा असेल तर विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर उभ्याने काढलेला गर्दीचा फोटो काढून बघा. जवळच्या माणसाचं डोकं कलिंगडाएवढं आणि लांबच्याचं वाटाण्याएवढं, पण बहुतेक सगळी डोकी एकाच आडव्या पट्ट्यात. तुमचे आणि त्यांचे डोळे साधारण एका उंचीवर, म्हणून क्षितिजरेषा सगळ्यांच्या डोळ्यांतून जाते. खांद्यावर बसलेलं पोर तेवढं रेषेच्या वर. कापून आणलेला माणूस जाळीवर उभा करताना हेच लागणार आहे, तेव्हा लक्षात असू द्या.

कोणतं सॉफ्टवेअर

मी इथे गिम्प धरून लिहितोय. ते फुकट आहे, आणि शिकायला येणाऱ्या बहुतेकांच्या जुन्या लॅपटॉपवर चालतं. मार्च २०२५ मध्ये आलेली ३.० आवृत्ती असो की त्याआधीची २.१०, पुढच्या पायऱ्यांत फार फरक पडत नाही. मेनूतलं एखादं नाव इकडचं तिकडे दिसेल इतकंच. फोटोशॉपवाल्यांसाठी खाली वेगळं लिहिलं आहे.

एक गैरसमज आधीच काढून टाकतो, कारण दर दोन-तीन जणांमागे एक जण यात अडकतो. व्ह्यू मेनूतला 'शो ग्रिड' ही आपली जाळी नव्हे. ती फक्त काम करताना मापाला दिसते, छापली जात नाही. पडद्यावर जाळी दिसली म्हणून फाइल पाठवून दिली आणि फ्लेक्सवर नुसतं काळं आलं, असा फोन मला येऊन गेलेला आहे.

जाळी आडवी पाडायची

आपल्याला हवंय २००० × २००० पिक्सेलचं चित्र, ज्यात क्षितिजरेषा बरोबर मध्ये, म्हणजे वरून १००० पिक्सेलवर आहे. पण सुरुवात त्याहून रुंद कागदावर करायची. का, ते लगेच कळेल.

पहिली पायरी. नवीन चित्र घ्या: रुंदी ६०००, उंची २०००. पार्श्वभूमीला गडद निळा किंवा काळा रंग भरा.

दुसरी पायरी. पारदर्शक नवा लेअर (थर) घ्या, चित्राच्याच मापाचा. नाव द्या 'जाळी'. नाव द्यायचा कंटाळा करू नका. पुढे 'लेअर कॉपी ७' कोणता हे शोधण्यात जो वेळ जातो त्यात एक कटिंग पिऊन होते.

तिसरी पायरी. फिल्टर्स, रेंडर, पॅटर्न, ग्रिड असं जा. चौकटीची रुंदी ३००, उंची ५०. दोन आकड्यांच्या मध्ये साखळीचं चिन्ह असतं, ती साखळी आधी तोडा, नाहीतर एक बदलला की दुसराही बदलतो. उभ्या रेषांची जाडी १२, आडव्यांची ३. रंग फिकट निळा. ओके म्हटलं की पडद्यावर एक विचित्र, चपटी जाळी दिसेल, विटांच्या भिंतीसारखी. घाबरू नका, ती मुद्दाम तशी आहे.

चौथी पायरी. इमेज मेनूतून नवीन गाइड, म्हणजे मापाच्या रेषा, टाका: एक आडवं, ११०० वर. दोन उभी, २७०० आणि ३३०० वर. अजून दोन उभी २००० आणि ४००० वर टाकून ठेवा, ती शेवटी कापायला लागतील.

पाचवी पायरी हीच खरी. शिफ्ट आणि पी दाबून पर्स्पेक्टिव्ह टूल घ्या. टूलच्या पर्यायांत इंटरपोलेशन 'नोहेलो' करा. लहान होणाऱ्या रेषा त्यात कमी तुटतात. लेअरवर क्लिक केलं की चार कोपऱ्यांना चार हँडल येतात. खालच्या दोघांना हात लावायचा नाही. वरचा डावा कोपरा ओढून २७०० आणि ११०० ची गाइड जिथे छेदतात तिथे ठेवा. वरचा उजवा, ३३०० आणि ११०० च्या छेदावर. ट्रान्सफॉर्म दाबा.

भिंत आडवी झाली. फरशी दिसायला लागली.

सहावी पायरी. २००० आणि ४००० या गाइडच्या मधला भाग आयताकार निवडीने निवडा आणि क्रॉप टू सिलेक्शन. उरलं ते २००० × २००० चं चित्र. दोन्ही बाजूंची फरशी कडेबाहेर गेल्यासारखी दिसते, खालच्या कोपऱ्यांत रिकामे त्रिकोण नाहीत. बहुतेक नवशिके २००० च्याच कागदावर वरचे कोपरे आत ओढतात, मग खाली डावीउजवीकडे जाळी नसलेल्या काळ्या पाचरी राहतात आणि त्या झाकायला धूर, ढग, पानं वगैरे गोळा करत बसतात. त्यासाठीच आपण रुंद कागद घेतला.

हे आकडे आले कुठून

ज्यांना घाई आहे त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. पण मग दुसऱ्या मापाचं पोस्टर आलं की परत मला फोन कराल.

जाळीचा खालचा काठ ६००० रुंद, वरचा ६००, दोन्हींमध्ये उभं अंतर ९००. कडेच्या दोन्ही रेषा वर वाढवल्या तर त्या कुठे मिळतील? अंतर गुणिले वरची रुंदी, भागिले खालच्या-वरच्या रुंदीतला फरक. म्हणजे ९०० × ६०० भागिले ५४००, बरोबर १००. वरच्या काठापासून १०० पिक्सेल वर. काठ ११०० वर आहे, म्हणून क्षितिज १००० वर.

यातली मेख अशी, की जाळीचा वरचा काठ हे क्षितिज नव्हे. माझी नायिका घसरली ती इथेच. मी जाळीचा वरचा काठ नेऊन क्षितिजाला चिकटवला होता, आणि तो काठ खालच्या काठाच्या निम्म्याइतका रुंद होता. त्या जाळीचं खरं क्षितिज पोस्टरच्या वरच्या टोकाजवळ कुठेतरी जात होतं. डोळ्याला गणित येत नाही, पण चूक कळते.

आता चौकटीची उंची ५० का. पर्स्पेक्टिव्ह टूल आडव्या पट्ट्यांची उंची आपोआप कमी करत नेतं. आपल्या जाळीत सगळ्यात पुढची पट्टी १८४ पिक्सेल उंच येते, तिच्यामागची १२७, मग ९३, मग ७१. ही उतरण आणि चौकटीची रुंदी जुळली तरच चौकट चौरस वाटते. ५० घेतल्यावर साधारण फोनच्या मुख्य कॅमेऱ्यातून चौरस फरशी जशी दिसेल तशी दिसते. १०० घेतली असती तर पहिलीच पट्टी ३१० ची झाली असती; फरश्या लांबट, पाटासारख्या. चूक नाही ते, पण मग कॅमेरा फार रुंद कोनाचा वाटतो आणि साध्या फोनवर काढलेला माणूस तिथे परका दिसतो.

हातानेच रेषा मारायची हौस असलेले एक ठरलेली चूक करतात: प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या दोन तृतीयांश. वर बघा, १८४ वरून १२७ ला येताना प्रमाण ०.६९ आहे, पुढे ०.७३, मग ०.७६. ते एकसारखं नसतंच. ही खोड जुनी आहे. १४३५ साली लिओन बातिस्ता आल्बेर्तीने इटलीत चित्रकलेवर लिहिताना याच दोन तृतीयांशवाल्यांचे कान उपटले होते, आणि तपासायची सोपी रीतही दिली होती: एका फरशीच्या कोपऱ्यातून तिरकी रेषा काढा आणि सरळ पुढे न्या. जाळी बरोबर असेल तर ती पुढच्या प्रत्येक फरशीच्या कोपऱ्यातूनच जाते. इंटरनेटवरून उतरवलेली तयार जाळी वापरायच्या आधी मी हे करतोच. बऱ्याच नापास होतात.

दूरचा गोंधळ झाका

तुमच्या जाळीच्या वरच्या टोकाला झूम करून बघा. तिथे दोन आडव्या रेषांमध्ये जेमतेम सव्वादोन पिक्सेल उरलेत. त्यात रेषा आणि मोकळी जागा दोन्ही बसणार कसे? म्हणून तिथे राखाडी चिखल होतो, आणि चित्र लहान केलं की लाटालाटांची नक्षी उठते. नवशिके इथे रेषा जाड करायला जातात. त्याने चिखल वाढतो.

उपाय सोपा आहे आणि खऱ्या जगातूनच घेतलाय. पावसाळ्यात पर्वतीवरून सिंहगड बघितला तर रेषा पुसट होतात, तशी जाळी लांबवर विरू द्यायची. लेअरला पांढरा मास्क जोडा. जी दाबून ग्रेडियंट घ्या, काळ्याकडून पांढऱ्याकडे. मास्कवर ११०० पासून सुरू करून साधारण १४०० पर्यंत खाली ओढा. वर काळं म्हणजे जाळी लपलेली, खाली पांढरं म्हणजे पूर्ण दिसणारी. पुसून टाकू नका, मास्कच वापरा. मन बदलतं.

मग चमक. जाळीचा लेअर दुप्पट करा, खालच्या प्रतीला गाउसियन ब्लर द्या, १२ ते १५ पिक्सेल, आणि लेअरचा मोड 'स्क्रीन' करा. हव्या त्या तीव्रतेपर्यंत ओपॅसिटी कमीजास्त. इथे हात आवरता घ्यावा. चमक सगळीकडे असली की कुठेच नसते, आणि एकांकिकेचं नाव वाचता येत नाही.

माणूस उभा करताना

आपल्या जाळीत पुढच्या काठाला एक चौकट ३०० पिक्सेल रुंद आहे आणि क्षितिज तिथून १००० पिक्सेल वर. म्हणजे बघणाऱ्याचे डोळे सव्वातीन चौकटींहून किंचित उंच. डोळ्यांची उंची पाच फूट धरली, तर एक फरशी दीड फुटाची झाली.

हे प्रमाण जाळीत कुठेही तेच राहतं. पाय जिथे टेकतील त्या रांगेतली चौकट किती पिक्सेल रुंद आहे ते मोजा, ३.३ ने गुणा, तेवढं पायापासून डोळ्यापर्यंतचं माप. पाय १६०० वर टेकवले तर तिथे चौकट १८० ची, म्हणजे पायापासून डोळे साधारण ६०० पिक्सेल वर. १६०० मधून ६०० गेले, उरले १०००: डोळे बरोबर क्षितिजावर. लक्ष्मी रोडच्या गर्दीचं गणित हेच. तीन-चार पात्रं पुढेमागे उभी करायची असतील तर प्रत्येकाचे डोळे त्या रेषेला लावा आणि पाय जिथे येतील तिथे येऊ द्या. फार बुटका किंवा फार उंच कुणी असेल तेवढा फरक ठेवा.

पण ही सोय तेव्हाच, जेव्हा माणसाचा फोटोही डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला असेल. दिग्दर्शकाने रंगमंचाखालून, प्रेक्षकांतल्या खुर्चीवरून काढलेला फोटो दिला तर त्या फोटोचं क्षितिज पात्राच्या घोट्यांजवळ आहे. बुटांचे तळ जवळपास दिसतायत आणि हनुवटी खालून दिसतेय, यावरून कळतं. अशा फोटोसाठी जाळीच बदला. क्षितिज खाली न्या, फरशीची पट्टी अरुंद करा. फोटो ओढूनताणून जाळीत बसवायला जाऊ नका, चेहरा वाकडा होतो आणि नट मंडळी ते विसरत नाहीत.

सावली विसरू नका. पायाखाली गडद, मऊ, चपटा डाग आणि प्रकाशाच्या उलट दिशेला लांबत जाणारी सावली. पायाला चिकटलेला डाग जास्त महत्त्वाचा. तो नसला तर माणूस तरंगतो.

खऱ्या फोटोतल्या फरशीवर जाळी

आता दुसरा प्रकार. वाड्याच्या चौकाचा फोटो आहे आणि त्याच फरशीवर चमकती जाळी हवी. इथे क्षितिज आपण ठरवायचं नाही, फोटोने आधीच ठरवलेलं आहे. आपण ते फक्त ऐकायचं.

फोटोत फरशीचा जितका मोठा आयत सलग दिसतो तितका पकडा. समजा आडव्या ६ आणि आत ८ फरश्या मोजता येतात. वेगळ्या पारदर्शक लेअरवर बरोबर ६ × ८ चौकटींची सपाट जाळी करा, मग पर्स्पेक्टिव्ह टूलने तिचे चारही कोपरे त्या आयताच्या चार कोपऱ्यांवर नेऊन ठेवा. बस. चार कोपरे बरोबर बसले की आतला प्रत्येक सांधा आपोआप जुळतो, कारण सपाट पृष्ठाचं पर्स्पेक्टिव्ह चार बिंदूंत पूर्ण ठरतं. जुळत नसेल तर तीन कारणं संभवतात: मोजण्यात एखादी फरशी चुकली, फोटो रुंद कोनाच्या ०.५ लेन्सने काढलाय आणि कडेच्या रेषा वाकल्यात, किंवा गवंड्यानेच फरशी वाकडी बसवलीय. जुन्या वाड्यांत तिसरंही असतं.

लहान आयत पकडून नंतर जाळी चहूकडे वाढवत नेऊ नका. कोपऱ्यात दोन पिक्सेलची चूक असली तर दहा फरश्या पलीकडे ती वीतभर होते.

बसवून झाल्यावर लेअर मोड 'स्क्रीन' किंवा 'ओव्हरले' करून बघा. आणि जाळीच्या मध्ये तुळशीवृंदावन, सायकल, झोपलेलं मांजर जे काही असेल, त्याच्यावरून जाळी मास्कने पुसून काढा. नव्वद टक्के लोक हे विसरतात. मांजराच्या पाठीवरून निळी रेषा गेली की सगळी जादू संपली.

एकाहून जास्त दिशा असलेल्या फोटोंबद्दल थोडक्यात. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर नीट मध्यावर उभं राहून फोटो काढला तर तट तुम्हाला समांतर, आणि आत जाणाऱ्या रेषांचा एकच व्हॅनिशिंग पॉइंट. कोपऱ्याच्या बुरुजाकडून काढला तर दोन बाजूंचे तट दोन दिशांना पळतात आणि दोन बिंदू मिळतात, पण दोन्ही त्याच क्षितिजरेषेवर. बहुतेक वेळा ते चित्राच्या बाहेर पडतात, म्हणून रेषा वाढवताना कॅनव्हास मोठा करून ठेवा. मोबाइल वर झुकवून बुरुज टिपला असेल तर उभ्या रेषाही वर एकत्र यायला लागतात. असा फोटो पहिल्या महिन्यात घेऊच नका.

फोटोशॉप असेल तर

सपाट जाळीचा तयार फिल्टर तिथे नाही. लहान पारदर्शक फाइल घ्या, तिच्या एका उभ्या आणि एका आडव्या कडेला रेषा मारा, एडिट मेनूतून डिफाइन पॅटर्न करा आणि मोठ्या लेअरवर त्या पॅटर्नने फिल करा. लेअरचा स्मार्ट ऑब्जेक्ट करून मगच ट्रान्सफॉर्ममधला डिस्टॉर्ट वापरा, म्हणजे दहा वेळा ओढलं तरी रेषा धुरकट होत नाहीत. डिस्टॉर्टमध्ये प्रत्येक कोपरा स्वतंत्र हलतो. पर्स्पेक्टिव्हमध्ये समोरचा कोपराही सोबत हलतो. पोस्टरसाठी पर्स्पेक्टिव्ह बरा, फोटोतल्या फरशीसाठी डिस्टॉर्ट.

फोटोशॉपची खरी मजा मात्र फिल्टर मेनूतल्या व्हॅनिशिंग पॉइंटमध्ये आहे. २००५ च्या सीएस टू आवृत्तीपासून तो आहे आणि अजूनही कितीतरी जणांनी उघडलेला नसतो. फरशीच्या आयताचे चार कोपरे एकेक करून क्लिक करा. जाळी निळी आली तर ठीक, पिवळी किंवा लाल आली तर कोपरे पर्स्पेक्टिव्हला धरून नाहीत, हलवा. निळी झाली तरी सांध्यांशी ताडून बघा; निळा रंग म्हणजे शक्यता, खात्री नव्हे. कंट्रोल दाबून जाळीच्या कडेचं मधलं हँडल वर ओढलं की फरशीला काटकोनात भिंत उभी राहते. गाभाऱ्यासारखी खोली, लांबलचक बोळ असं काही करायचं असेल तर हे सोनं आहे.

दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक, फिल्टर उघडायच्या आधी रिकामा नवा लेअर घेऊन तोच निवडून ठेवायचा, नाहीतर सगळं मूळ फोटोवरच उमटतं. दोन, ती निळी जाळीसुद्धा नुसती मापाची असते. ती चित्रात हवी असेल तर त्या खिडकीच्या मेनूत 'रेंडर ग्रिड्स टू फोटोशॉप' हा पर्याय आहे, त्यावर खूण करा. स्वतःच्या रंगाची जाळी हवी असेल तर सपाट जाळी आधी कॉपी करून घ्या, फिल्टरमध्ये पेस्ट करा आणि ओढून त्या निळ्या पृष्ठावर सोडा. ती लगेच आडवी पडते. पहिल्यांदा बघताना प्रत्येक जण "अरेच्चा" म्हणतो.

क्रिटा वापरणाऱ्यांना असिस्टंट टूलमध्ये व्हॅनिशिंग पॉइंट मिळतो आणि हाताने मारलेल्या रेषा त्याकडे खेचल्या जातात. चित्र काढणाऱ्यांसाठी उत्तम, पोस्टरसाठी मला संथ वाटतं.

छपाईला देताना

पडद्यावरचा झगझगीत निळा आणि गुलाबी छापून येत नाही. छपाईच्या चार शाईंत तो रंगच नाही, म्हणून कागदावर तो मळका येतो. निम्म्या मापाची एक चाचणी प्रत काढून बघा आणि पार्श्वभूमी आणखी गडद करा; शेजारचा काळा जितका खोल तितका निळा उजळ वाटतो. एथ्री मापाचं पोस्टर ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतं. त्यासाठी २००० ची जाळी ताणून मोठी करू नका, वरचे आकडे त्या मापाला गुणून नव्याने करा. अंतराचं सूत्र तेच, पाच मिनिटांचं काम आहे. बारीक रेषा असतील तर सगळ्यात दूरची रेषा छापून एक पिक्सेलपेक्षा कमी येणार नाही इतपत मास्क खाली ओढा.

फ्लेक्सवाल्याला पीएनजी किंवा त्याला हवी ती फाइल द्या, पण लेअर असलेली गिम्पची एक्ससीएफ फाइल स्वतःकडे जपून ठेवा. रात्री साडेअकराला "दादा, प्रयोगाची वेळ बदलली, आणि हिला जरा डावीकडे घ्याल का" असा फोन येतो. हिला डावीकडे घेताना डोळे क्षितिजावरून हलवू नका. पाय त्याच रांगेत राहतील, सावली तेवढी ओढून घ्यावी लागेल.